डेन्मार्कचं दूध आणि खानदेशी पोट

परदेशातून परतलेल्या माणसाला शहरातले लोक तिकडच्या इमारतींबद्दल विचारतात, आगगाड्यांबद्दल विचारतात. आमच्या गावात मला एकच प्रश्न विचारला गेला. बायकांनी ओट्यावरून विचारला, पुरुषांनी पारावर बसवून विचारला: तिकडे खाल्लं काय? मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर एवढ्यासाठी लिहून ठेवतो आहे की आमच्या भागातून आणखी कोणी डेन्मार्कला जाईल आणि त्याचं पोट माझ्यासारखं असेल, तर त्याला थोडा उपयोग व्हावा. तसा माणूस निघण्याचा संभव कमी आहे, हे मला मान्य आहे.

अमळनेरहून निघताना

मला दूध पचत नाही. पेलाभर दूध पोटात गेलं की अर्ध्या तासात आत गडगडाट सुरू होतो आणि मला टमरेल घेऊन पळावं लागतं. ताक चालतं, घट्ट दही चालतं, तूप तर भाताबरोबर वाटीभर चालतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, तापीचे मासे, बोकडाचं मटण, सगळं चालतं. फक्त दूध आणि दुधाचा भाईबंद म्हणावं असं सगळं, म्हणजे खीर, बासुंदी, दुधाचा चहा, हे माझ्या आतड्यांनी कधी घरात घेतलं नाही. आई म्हणायची, पाळण्यात असताना मला म्हशीची दृष्ट लागली. म्हशीची दृष्ट माणसाला लागते हे मी आईखेरीज कोणाकडून ऐकलेलं नाही.

असं पोट घेऊन मी सुखाने जगलो असतो. पण आमच्या गावात दूध सोसायटी निघाली. सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करायचं, डबे बैलगाडीत घालून अमळनेर स्टेशनवर न्यायचे आणि तिथून गाडीने जळगावच्या हॉटेलांना पाठवायचे, असा तिचा कारभार. तिला मॅनेजर हवा होता. दोन जण येऊन गेले होते आणि आता त्या जागेवर गावातल्या बऱ्याच जणांचा डोळा होता, माझाही होता. मी इंटरपर्यंत शिकलेला, शेती थोरल्या भावाच्या हातात, आणि माझ्यापुढे दुसरा रस्ता म्हणजे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी. तिथे उडणाऱ्या कापसाने माझा श्वास कोंडायचा. तेव्हा ही जागा मिळाली तर मी माणसात येणार होतो, नाहीतर रुईत जाणार होतो.

सोसायटीचे चेअरमन आबा. त्यांचा पुतण्या भिका, तालमीतला गडी, म्हशीखाली बसून तिथल्या तिथे लोटाभर दूध पिणारा. जागा त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. इतक्यात सरकारकडून कळलं की डेन्मार्कला दुग्धव्यवसाय शिकायला काही माणसं पाठवायची आहेत, इंग्रजी येणारा पाहिजे. आबांनी माझं नाव दिलं. का दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इंग्रजीमुळे दिलं असं मी समजलो.

अमळनेरच्या प्लॅटफॉर्मवर मी पाया पडलो तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "सुपडू, शिकीसन ये. मॅनेजरनं मंग पाहू."

म्हणजे जागा अजून अधांतरीच होती. दूध सोसायटीचा मॅनेजर आणि त्याला दूध पचत नाही, ही गोष्ट कोणाच्या कानावर गेली तर जन्मभर हसं होईल, आणि भिका जागेवर बसेल, हे मला लख्ख दिसत होतं. म्हणून मी तोंड शिवून घेतलं. बायकोला अर्थात ठाऊक होतं. तिने ट्रंकेत काळ्या मसाल्याची पुडी ठेवली आणि सांगितलं, "लाजू नका. दूध चालत नही म्हनीसन सरळ सांगा, कोरा च्या मांगा." बायकोचं ऐकलं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

कोपनहेगन

बोटीवर मी जे आठवडे काढले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. समुद्र सगळीकडे सारखाच असतो आणि ओकारी येणारे लोकही.

आमची चौघांची तुकडी होती आणि तिचे प्रमुख मुंबईचे एक बडे अधिकारी. त्यांना आम्ही साहेब म्हणत असू. गृहस्थ सज्जन, शाकाहारी, आणि दुधावर विलक्षण श्रद्धा असलेले. कोपनहेगनला पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी यजमानांनी मेजवानी दिली. लांब टेबल, पांढरीशुभ्र चादर, मधोमध भाजलेला अख्खा मासा. त्याच्या अंगावर लिंबाच्या चकत्या होत्या आणि मी त्याच्याकडे फार ममतेने पाहत होतो.

साहेब उभे राहिले. इंग्रजीत म्हणाले, आमचा देश अहिंसेचा आहे, आम्ही मांसमच्छी खात नाही, गाय आमची माता आहे आणि आम्ही मुख्यतः दुधावर जगतो. यजमानांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना आमच्याबद्दल फार वाईट वाटलेलं दिसलं, कारण त्यांनी मासा लगेच दुसऱ्या टोकाला नेला आणि आम्हा चौघांपुढे थंडगार दुधाचे चार उंच ग्लास ठेवले.

मी साहेबांकडे पाहिलं. साहेब एका दमात ग्लास रिकामा करून मिशी पुसत होते. आता उभं राहून "मी खातो बरं का मासा" असं सांगणं म्हणजे देशाच्या तोंडावर खोटेपणाचा शिक्का मारणं. शिवाय तुकडीतल्या प्रत्येकाबद्दल साहेब अहवाल लिहिणार होते. मी ग्लास उचलला. ती रात्र कशी गेली ते कोपनहेगनच्या त्या हॉटेलातल्या तिसऱ्या मजल्याच्या संडासाला विचारा.

शेतावर

आम्हाला एकेका शेतकऱ्याच्या घरी ठेवलं. माझे यजमान येन्सन नावाचे, गावापासून दूर, बीटाच्या शेतांमध्ये त्यांचं लालभडक घर. देश मोठा देखणा. आपल्याकडे वैशाखात जमीन फाटलेली असते; तिकडे वैशाखात गवत गुडघाभर आणि त्यात पिवळी फुलं. गाई मोकळ्या सोडत नाहीत. शेतात रांगेने खुंट्या ठोकून बांधतात. प्रत्येक गाय आपल्या दोरीपुरतं गवत वर्तुळात खाते, दुसरीच्या गवताकडे पाहतही नाही. आमच्या गावात भाऊबंदांच्या बांधावरून चाललेल्या मारामाऱ्या आठवून मी त्या गाईंकडे बराच वेळ आदराने पाहत राहिलो.

येन्सनना डॅनिशखेरीज काही येत नव्हतं. त्यांच्या बायकोला, कारेनबाईंना, मोडकं इंग्रजी येई. साहेबांच्या भाषणाचा निरोप त्यांच्यापर्यंत आधीच पोचला होता. बाई मनाने फार चांगल्या. गाईला आई मानणाऱ्या, दुधावर जगणाऱ्या पाहुण्यासाठी त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. सकाळी दुधात शिजवलेली ओटची लापशी. दुपारी बटाट्यांवर दुधाचं पांढरं घट्ट सार ओतलेलं. संध्याकाळी दुधाचं सूप. प्रत्येक जेवणाला उंच ग्लास. येन्सन आणि त्यांचे गडी माझ्यासमोर तळलेले मासे आणि उकडलेली अंडी खात आणि मला वाईट वाटू नये म्हणून ताटं माझ्यापासून जरा वळवून घेत.

तिसऱ्या दिवशी टेबलावर भात आला. वाफ येत होती. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पहिला घास घेतला आणि कळलं की तो दुधात शिजवलाय, वर साखर, दालचिनी आणि मधोमध लोण्याचं तळं. खीरच ती. सातासमुद्रापलीकडे येऊन मी पुन्हा खिरीच्या वाटीपुढे बसलो होतो.

खाण्यासारखं काहीच नव्हतं असं नाही. एके दिवशी नुसते उकडलेले बटाटे आले, साराविना, मिठाबरोबर. मी चार खाल्ले. कारेनबाईंनी भांडं पुढे करून विचारलं, "आणखी?" माझी भूक तशीच होती. मी म्हटलं, "नको, नको." आपल्याकडे कोणीही हेच म्हणेल. मग वाढणारी म्हणते, घ्या हो, लाजताय काय. मग आपण पानावर आडवा हात धरतो, ती हाताच्या फटीतून वाढते, आपण कुरकुर करत खातो आणि दोघांची अब्रू राहते. मी आडवा हात धरायला उचलला, तोवर बाई भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेल्या होत्या. उरलेले बटाटे डुकरांना घातलेले मी खिडकीतून पाहिले.

असं किती वेळा झालं ते विचारू नका. जे चालत होतं ते मी रीतीने नाकारत होतो आणि पहिल्याच नकाराला ते लोक खरं मानत होते. जे चालत नव्हतं ते नाकारायची मला छाती नव्हती. डेन्मार्कमध्ये उपाशी मरायला याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

संडास अंगणापलीकडे, लाकडी, दाराला बदामाच्या आकाराचं भोक पाडलेलं. आत खिळ्याला जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन टांगलेले. पाणी नाही. मी ओसरीच्या खिडकीतला निळ्या काठाचा एक एनॅमलचा जग पसंत केला आणि तो भरून नेऊ लागलो. तो कारेनबाईंचा फुलं ठेवायचा जग होता, हे मला पुढे कळलं. बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फुलं एका काचेच्या बरणीत गेली आणि जग दाराजवळ, माझ्या हाताला लागेल असा ठेवलेला दिसला. आपल्याकडे यावर गावभर चर्चा झाली असती.

चव घेण्याची खोली

शिकायला मी रोज सायकलवर डेअरीत जाई. यंत्रं पाहिली, लोणी काढणं पाहिलं, सगळं सुरेख. पण शिक्षणाचा मुख्य भाग म्हणजे जिभेचा. तिथला म्हातारा तपासनीस दुधाच्या प्रत्येक डब्यात लांब दांड्याची पळी बुडवतो, घोट तोंडात घेतो, गालातून गालात खळखळवतो आणि सांगतो की या गाईने बीटाची पानं खाल्ली, त्या गोठ्याची सफाई झालेली नाही. मग घोट खालच्या जस्ती बादलीत थुंकतो आणि पुढच्या डब्याकडे जातो. आम्हालाही तेच करायचं होतं. शेवटी याच विद्येची परीक्षा आणि तिच्यावर सर्टिफिकेट.

पहिल्या दिवशी म्हाताऱ्याने पळी माझ्या हातात दिली. मी घोट घेतला, खळखळवला आणि थांबलो. दूध थुंकायचं? आमच्या घरी दूध जमिनीवर सांडलं तर त्याला पाय लागू नये म्हणून आई हातातलं काम टाकून पुसायला बसायची. मला ते पचत नसेल, पण दुधावर थुंकण्याइतका मी गेलेला नव्हतो. मी गिळलं.

मग पुढचा डबा. तो घोटही गिळला. रांगेत डबे भरपूर होते. रांग संपली तेव्हा माझ्या पोटात आमच्या सोसायटीचं एका वेळचं संकलन झालं असेल. म्हातारा कौतुकाने पाहत होता. त्याने इतक्या वर्षांत सगळे डबे पिऊन टाकणारा विद्यार्थी पाहिला नव्हता. त्याच संध्याकाळी त्याने येन्सनना रस्त्यात गाठून सांगितलं की तुमच्या हिंदी पाहुण्याला दूध पुरत नसावं, बिचारा डेअरीत येऊन पोट भरतो. कारेनबाई फार ओशाळल्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्यापुढे प्रत्येक वेळी दोन ग्लास येऊ लागले.

आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. धोतर नेसलं तर कमरेला थांबेना. सायकल चढावर ढकलत नेताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. अंथरुणात पडल्यावर मला बायकोच्या हातची कळण्याची भाकरी दिसायची, वर तेल आणि ठेचा, आणि मी चक्क रडायचो. एकदा वाटलं, साहेबांना सांगून परत जावं. पण मग भिका डब्यांवर बसलेला दिसायचा आणि मी कूस बदलायचो.

डॉक्टर

एके सकाळी मी अंगणात, त्या बदामाच्या दारापाशीच खाली बसलो आणि उठलो नाही. येन्सननी मला पोत्यासारखं उचलून आत नेलं. डॉक्टर मोटारीतून आला. जीभ पाहिली, पोट दाबलं, पापण्या खाली ओढून पाहिल्या. बराच वेळ विचार केला आणि कारेनबाईंना डॅनिशमध्ये काही सांगून गेला.

बाई माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "काळजी नको. हवा बदलल्यामुळे झालंय. डॉक्टरांनी दोन दिवस जेवण बंद करायला सांगितलंय. फक्त कोमट दूध." त्यांच्या हातात वाफाळता पेला होता.

माणसाला कुठेतरी मर्यादा असते. मी उठून बसलो.

"बाई, दूध नको."

"जरा वेळाने घ्याल?"

"जरा वेळानेही नको. मला दूध पचत नाही. कधीच पचलेलं नाही."

त्यांनी पेला खिडकीत ठेवला. "मग इतके दिवस का प्यालात?"

"तुम्ही प्रेमाने दिलंत म्हणून."

"मी दिलं, कारण तुम्हाला आवडतं असं मला सांगितलं होतं. मला वाटायचं, किती पितो हा माणूस." मग म्हणाल्या, "तुम्ही 'नको' म्हणायचं होतं. बटाट्यांना तर रोज म्हणत होतात."

"तो नको खरा नव्हता," मी म्हटलं, आणि मला आमची रीत समजावून सांगावी लागली. पहिला नको धरत नाहीत. दुसरा अर्धा धरतात. तिसऱ्याला वाढणारी शपथ घालते. बाईंनी शाळेतल्या मुलीसारखं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "मग तुमच्याकडे खरा नको कोणता?"

मी विचार केला. आमच्याकडे खरा नको नसतोच बहुधा.

"आणि मांस?" त्यांनी हळूच विचारलं.

"साहेब खात नाहीत. मी खातो."

कारेनबाई उठल्या. थोड्या वेळाने अंगणात कोंबड्यांचा गलका ऐकू आला आणि मग एक कोंबडी कमी झाल्यासारखी शांतता झाली. संध्याकाळी भांडंभर कोंबडीचा रस्सा, उकडलेले बटाटे आणि राय नावाच्या धान्याची काळसर पाव-भाकरी माझ्यापुढे आली. मी ट्रंकेतून काळा मसाला काढला आणि रश्शात दोन चिमटी घातल्या. येन्सननी वास घेतला, आपला वाडगा पुढे केला, तीन घास खाल्ले आणि घामाने लाल झाले. पण वाडगा खाली ठेवला नाही. बाईंनी भांडं पुढे करून विचारलं, "आणखी?" मी पटकन म्हटलं, "हो." हा शब्द उच्चारायला मला एवढा लांबचा प्रवास करावा लागला.

जेवण झाल्यावर येन्सननी बियरची बाटली उघडली आणि कारेनबाईंमार्फत मला विचारलं की मी एवढा घाबरलो कशाला. मी सांगितलं की गावी दूध सोसायटीच्या मॅनेजरची जागा आहे, दूध न पिणाऱ्याला ती कोण देईल. येन्सन खूप हसले. म्हणाले, "माझ्या गोठ्यात चाळीसेक गाई आहेत. मी दुधाला तोंड लावत नाही. दूध वासरांनी प्यावं, पोरांनी प्यावं, आणि लोणी इंग्रजांनी विकत घ्यावं. मी का पिऊ?" त्यांनी बियरचा मोठा घोट घेतला. त्या माणसाला कोणाचीच लाज वाटत नव्हती.

रविवार

त्यानंतर माझं बरं चाललं. अंडी, मासे, बटाटे, कोंबडी, सुकवलेल्या फळांचं गोड सार, बिनदुधाची कॉफी. डेअरीतही म्हाताऱ्याने मला बादली दाखवली आणि मी, मनात आईची माफी मागून, थुंकायला शिकलो. मोकळ्या पोटाने जीभ चांगली चालते. बीटाची पानं आणि घाण गोठा मी डोळे मिटून ओळखू लागलो.

एका रविवारी साहेब पाहणीला आले. कारेनबाईंनी सकाळीच कोंबडी-मासळीची सगळी चिन्हं हलवली. दुपारी टेबलावर साहेबांसाठी दुधातला भात आला. साहेबांपुढे दुधाचा ग्लास ठेवला, माझ्यापुढेही पांढराशुभ्र ग्लास ठेवला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा स्थिर. मी भीत भीत घोट घेतला. तांदळाची पेज होती. मी ती गटागटा प्यालो आणि दुसरा ग्लास मागितला. साहेबांना भरून आलं.

"पाटील," ते म्हणाले, "तुमची प्रकृती सुधारलेली दिसते. दुधाचा गुण आहे. मी तुमच्या चेअरमनसाहेबांना मुद्दाम सांगेन."

मी नम्रपणे मान खाली घातली. आता जागा माझीच, असं मला वाटलं.

परीक्षा झाली, सर्टिफिकेट मिळालं. निघताना कारेनबाईंनी तो निळ्या काठाचा जग कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "नको." त्या म्हणाल्या, "हा खरा नको आहे का?" आणि मी जग घेतला.

परत घरी

साहेब विमानाने आधीच परतले होते आणि शब्दाला जागले होते. जळगावला कसल्याशा सभेत त्यांनी आबांना गाठून माझी भरपूर स्तुती केली होती, असं मला अमळनेरला उतरल्याबरोबर कळलं. बोटीवर मी एक निश्चय केला होता. गावी कोणी दूध पुढे केलं तर एकदाच, सरळ, येन्सनसारखं सांगायचं की मला चालत नाही. जागा मिळो न मिळो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या खोलीपुढे लिंबाखाली सत्कार होता. सगळा गाव जमलेला. हार झाला, नारळ झाला. मग आबांनी खूण केली आणि भिका आतून पितळेचा मोठा पेला दोन्ही हातांत धरून आला. आबांच्याच म्हशीचं दूध, साय तरंगणारं. त्याने तो माझ्यापुढे धरला. आबा माझ्याकडे एकटक पाहत होते.

मी सरळ म्हटलं, "आबा, माले नको."

कोणी हे शब्द मनावर घेतलेच नाहीत. "घ्या हो," "लाजस काय," असा चहूबाजूंनी कालवा झाला. भिका मिशीत हसून म्हणाला, "दूध सोसायटीना मॅनेजर, आनि दूधले नको?" सगळे हसले. माझा खरा नको तेवढा एकच होता आणि तो खर्च झाला होता. मला जिनिंगमधली उडणारी रुई दिसली. मी पेला घेतला, डोळे मिटले, एका दमात रिकामा केला आणि लोकांना दिसावा म्हणून उपडा करून दाखवला.

टाळी वाजली नाही. आबांचा चेहरा पडला. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि शेजारच्या पंचांना म्हणाले, "हाऊ बी शिकना."

"काय शिकनू, आबा?"

"दूध पेवाले." आबा खरोखर दुःखी दिसत होते. "पहिला मॅनेजर सोसायटीनंच लोटा लोटा दूध पेत व्हता. दुसरा पेत व्हता आनि तेवढंच पानी टाकत व्हता. मन्हा पुतन्यानी तं मिशीच वाळत नही. दूध नही पेनारा मानूस बठ्ठा तालुकामा धुंडा, तू एकलाच सापडना. म्हनीसन तुले धाडं. तुले दूध पचत नही, हाई तुन्ही मायनी तू पाळनामा व्हता तवयच बठ्ठा गावले सांगेल शे. आनि तो साहेब म्हने, तुमना सुपडू तठे दिवसभर दूध पेस. माले पटनं नही. आज सोता देखं."

सहा आठवडे परक्या देशात मी पोट मारून जे लपवलं, ते गावाला पाळण्यापासून ठाऊक होतं आणि तेवढ्यासाठीच मला पाठवलं होतं. आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि पंचांना म्हणाले, आता दुसरा माणूस पाहावा लागेल.

तेवढ्यात माझ्या पोटातून आवाज आला. लांब, खोल, लिंबाखाली बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत गेला असावा. आबांनी कान वळवला. "सुपडू, हाऊ कसाना आवाज शे?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी गळ्यातला हार भिकाच्या हातात दिला, त्याच्याच जवळचा पाण्याचा लोटा उचलला आणि नदीच्या दिशेने धावत सुटलो. धोतराचा सोगा एका हातात, लोटा दुसऱ्या हातात. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्यावरून आबांचा मोठा, समाधानी आवाज आला, "लिखी ल्या रे. मॅनेजर सुपडू."

थांबून आभार मानणं मला शक्य नव्हतं.